फँटसीचं पारायण कसं करायचं

माझ्याकडं न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग खिडकीच्या कठड्यापर्यंत आलाय आणि तरी दर जानेवारीत मी तेच जुनं पिवळं पडलेलं ठोकळा पुस्तक काढून बसतो. घरचे म्हणतात अरे याचा शेवट तुला पाठ आहे, मग काय वाचतोस? यावर माझ्याकडं बरीच वर्षं धड उत्तर नव्हतं, मग एकदा आजीची पोथी आठवली. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्या आजीला कोणी विचारलं नाही की शेवट माहितीये ना, मग परत कशाला. तिचं सगळं ठरलेलं असायचं, पहिल्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी कुठं थांबायचं. फँटसीचंही पारायणच करायचं असतं, फक्त त्याची पद्धत आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून बहुतेक लोक पान एकपासून सुरू करतात, साठेक पानांत "हे तर माहितीये" होतं आणि पुस्तक परत कपाटात जातं. मग म्हणतात वय झालं, आता फँटसीत मन रमत नाही. वयाचा काही संबंध नाही हो, तुम्ही पहिल्यांदा वाचता तसंच दुसऱ्यांदा वाचायला गेलात, एवढंच झालं.

पहिल्या वाचनात "पुढं काय" हीच ओढ असते, आपण अक्षरशः फरपटत जातो, वर्णनं गाळतो, गाणी गाळतो, नकाशाकडं बघतही नाही. दुसऱ्यांदा ती ओढ नसते म्हणून तिच्या जागी हातात दुसरं काहीतरी धरावं लागतं, आणि ते प्रत्येक पुस्तकाला वेगळं लागतं. मी काय काय धरतो ते खाली सांगतोय. यापुढं सगळीकडं शेवट फोडलेले आहेत, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी एकदा वाचून या, मी कुठं जात नाही.

आधी पुस्तक निवडायचं. माझी चाचणी फार साधी आहे, कपाटासमोर उभं राहायचं, पुस्तक मधूनच कुठंतरी उघडायचं आणि चार पानं वाचायची. पाय दुखायला लागले तरी तुम्ही उभेच असाल तर तेच घ्या. चार पानांत जांभई आली तर ते एका धक्क्यावर उभं असलेलं पुस्तक होतं, धक्का माहीत झाला की फुगा फुटला, त्यात तुमचीही चूक नाही आणि लेखकाचीही नाही, एकदा मजा आली ना, झालं. जाडीवर जाऊ नका. आणि लहानपणी आवडलेलं प्रत्येक पुस्तक परत काढायलाच पाहिजे असंही नाही, काही पुस्तकं आठवणीतच बरी असतात, मी दोन-तीन अशी मुद्दाम उघडत नाही.

आता माझं हक्काचं, टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज. हे तीन पुस्तकं म्हणून १९५४ आणि १९५५ मध्ये आलं, पण मुळात ते एकच पुस्तक आहे आणि आत त्याचे सहा भाग आहेत. सगळे मिळून अध्याय किती, तर ६२. रोज एक अध्याय वाचला तर दोन महिने. आता यातली गंमत बघा, गोष्टीत जी घातक अंगठी नष्ट करायला सगळे निघालेत, ती नष्ट होते ती तारीख आहे २५ मार्च (म्हणून टॉल्किनप्रेमी मंडळी याच तारखेला टॉल्किन वाचनदिवस पाळतात, २००३ पासून). अंगठी जाते तो अध्याय सुरुवातीपासून मोजला तर ५६वा. म्हणजे २९ जानेवारीला पहिला अध्याय काढला आणि रोज एकच वाचला तर तो ५६वा अध्याय बरोब्बर २५ मार्चला येतो, आणि उरलेले सहा, निरोपानिरोपी आणि घरी परतणं, ३१ मार्चला संपतात. लीप वर्ष असेल तर एक दिवस उशिरा सुरू करायचं. मी अकाऊंट्समध्ये आहे, मार्च एंडला आमच्याकडं रात्री दहा-दहा वाजतात, आणि त्या आठवड्यात घरी येऊन दमलेल्या हॉबिट्सना (गोष्टीतली बुटकी माणसं, अंगठी घेऊन गेलेली) घरी परतताना वाचणं काय असतं ते ज्याचं ऑडिट असतं त्यालाच कळेल.

रोज एकच, हा नियम मोडायचा नाही. पुढचा वाचावासा वाटला तरी नाही. उलट कंटाळा आला तरी तेवढा पूर्ण करायचा, म्हणजे ११ फेब्रुवारीला जो अध्याय येतो ती एल्रॉंडच्या घरची, अंगठीचं काय करायचं यावरची बैठक, ती प्रचंड लांब आहे, एकामागून एक लोक उठून बोलतायत, पहिल्या वेळी मी ती चक्क चाळली होती. यंदा तिसऱ्यांदा नीट वाचली तेव्हा लक्षात आलं की एवढे मोठमोठे लोक बोलून दमतात आणि शेवटी सगळं गप्प झाल्यावर सगळ्यात लहान, ज्याला रस्तासुद्धा माहीत नाही, तो म्हणतो मी नेतो. त्या शांततेची किंमत आधीची सगळी लांबण वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या वाचनात काय धरायचं? मी गोलमला धरतो, म्हणजे अंगठीच्या लोभानं पछाडलेल्या, तिच्या मागं मागं फिरणाऱ्या त्या जिवाला. सुरुवातीला, दुसऱ्याच अध्यायात, अंगठी नेणारा हॉबिट फ्रोडो वैतागून म्हणतो बिल्बोनं (अंगठी आधी याच्याकडं होती) तेव्हाच गोलमला मारलं असतं तर बरं झालं असतं, आणि जादूगार गँडाल्फ त्याला सांगतो की बिल्बोला दया आली हेच पुढं कितीतरी लोकांचं नशीब ठरवेल. पहिल्यांदा वाचताना हे वाक्य म्हाताऱ्यांचं उपदेशाचं वाक्य म्हणून निघून जातं. दुसऱ्यांदा तुम्हाला माहीत असतं की शेवटी फ्रोडोच्यानं ती अंगठी टाकवत नाही आणि गोलम जिवंत राहिलाय म्हणूनच काम होतं. मग मधला प्रत्येक प्रसंग वेगळा दिसायला लागतो. चौथ्या भागात, जिना चढून गेल्यावर, फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम झोपलेले असतात आणि गोलम परत येतो, त्यांच्याकडं बघतो, आणि हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो, एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखा. तेवढ्यात सॅमला जाग येते आणि तो त्याच्यावर खेकसतो. संपलं. तो सुधारला असता कदाचित, पण ती वेळ गेली. पहिल्या वाचनात मी सॅमच्या बाजूचा होतो, ओरड अजून म्हटलं. आता तिथं पुस्तक जरा वेळ मिटून ठेवतो.

गोलमच्याच नादानं एक जोडकाम करता येतं. १९३७ चं हॉबिट, म्हणजे बिल्बोला अंगठी मिळते ते टॉल्किनचं आधीचं पुस्तक, जे पहिल्यांदा छापलं त्यात गोलम बराच सभ्य होता, बिल्बोबरोबर कोड्यांच्या पैजेत हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला तयार होता, ती सापडेना म्हणून माफी मागून त्यानं बाहेरचा रस्ता दाखवला. नंतर मोठं पुस्तक लिहिताना ते जुळेना म्हणून टॉल्किननं तो अध्याय बदलला आणि १९५१ च्या आवृत्तीत नवा आला. आणि जुनी गोष्ट वाया घालवली नाही, मोठ्या पुस्तकात तो म्हणतो ती बिल्बोनं मारलेली थाप होती! दुकानात मिळतं ते बदललेलंच. पण हे माहीत असताना आधी हॉबिटमधला तो पाचवा अध्याय आणि लगेच मोठ्या पुस्तकातला दुसरा अध्याय असं वाचा.

तिसऱ्या वाचनाची पद्धत आणखी वेगळी, आणि ती दुसऱ्या वेळी करू नका. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टं आहेत, त्यातल्या ब मध्ये तारीखवार सगळं दिलंय. तिसऱ्या भागापासून गोष्ट दोन फाट्यांनी जाते, इकडं लढाया, तिकडं फ्रोडो-सॅम, आणि टॉल्किन आधी एक पूर्ण भाग एका बाजूचा सांगतो आणि मग दुसऱ्या बाजूला जातो. तुम्ही परिशिष्ट समोर उघडं ठेवून तारखा जुळवत वाचा. १० मार्चला तिकडं सूर्यच उगवत नाही, सगळं राज्य काळोखात, आणि त्याच दिवशी फ्रोडो तिठ्यावर... नाही, चार रस्ते आहेत, चव्हाट्यावर पोचलेला असतो. १५ मार्चला सकाळी मॉर्डोरमध्ये, शत्रूच्या मुलखात, सॅमला वारा बदलल्यासारखा वाटतो, काळोख मागं सरकताना दिसतो, त्याला कारण माहीत नाही. कारण त्याच सकाळी तिकडं लढाईच्या, पेलेनॉरच्या मैदानात नैर्ऋत्येचा वारा सुटलाय आणि थेओडेन राजा मरणाला टेकलाय. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, वारा मात्र एकच. हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळायला दोन-अडीचशे पानं आधीचं डोक्यात ठेवावं लागतं, कोण ठेवतंय. पण तारखेनं वाचायचा तोटाही सांगतो, शत्रूचा दूत फ्रोडोचा चिलखती सदरा काढून दाखवतो तेव्हा फ्रोडो सापडला की काय म्हणून जे धस्स होतं ते यात होत नाही, म्हणून म्हटलं तिसऱ्या वेळी.

गाणी मोठ्यानं म्हणा. चाल येत नसली तरी चालेल, ओवीसारखी म्हणा, दार लावून घ्या फक्त. अगदीच नको असतील तर ऑडिओ ऐका, सिनेमात जो गोलम झाला होता त्या अँडी सर्किसनंच आख्खं पुस्तक वाचलंय. मराठीत हे स्वामी मुद्रिकांचा या नावानं आहे, आणि इंग्रजीत एकदा वाचलेलं असेल तर पारायण मराठीतून करून बघा, डोळे आपोआप सावकाश चालतात कारण पुढचं वाक्य ओळखीचं असून शब्द अनोळखी असतात.

हॅरी पॉटरला ही शिस्त लावू नका, मरेल. सात पुस्तकं, १९९७ ते २००७, ती मुळातच भराभर वाचायची आहेत. त्याला धरायचं ते पेरलेल्या वस्तूंना. एक छोटी वही घ्यायची आणि वस्तू दिसली की पुस्तक आणि अध्याय लिहायचा, बस. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात हॅग्रिड उडती मोटरसायकल घेऊन येतो आणि ती कुणाकडून आणली तर सिरियस ब्लॅककडून, हे नाव तिथं सहज पडलंय, माणूस येतो तिसऱ्या पुस्तकात. दुसऱ्या पुस्तकात एक कपाट वरून आपटून मोडतं, ते सहाव्यात केवढ्याला पडतं! पाचव्या पुस्तकात घर झाडताना कुणाला न उघडणारं एक जड लॉकेट सापडतं आणि ते कचऱ्यात जातं, आणि त्याच पुस्तकात गावातल्या त्या कळकट दारूच्या दुकानाचा म्हातारा मालक हॅरीला ओळखीचा वाटतो, तिथं बकऱ्यांचा वास येतो. शेवटच्या पुस्तकात तो कोण निघतो ते तुम्हाला माहितीये.

मला वाटायचं माझी यादी पूर्ण आहे. मग दोन वर्षांपूर्वी भाचीला मराठीतलं हॅरी पॉटर आणि परीस रोज रात्री वाचून दाखवायला लागलो (इंग्रजी नावातल्या दगडाला परीस हा शब्द किती फिट बसलाय बघा, लोखंड, सोनं, सगळं एका शब्दात आलं). हॅरीच्या मित्राचा, रॉनचा उंदीर आला, तो आधी त्याच्या मोठ्या भावाचा होता वगैरे. तर ही साडेआठ वर्षांची कार्टी विचारते, मामा, उंदीर किती वर्षं जगतो? मी म्हटलं झोप. तिसऱ्या पुस्तकात दुकानातली बाई हेच म्हणते की साधा उंदीर तीनेक वर्षांपलीकडं जगत नाही, आणि तो उंदीर त्या घरात बारा वर्षं होता, कारण तो मुळात उंदीर नसतोच, माणूस असतो. मी ही पुस्तकं सात-आठ वेळा वाचलीयत आणि मला हा प्रश्न पहिल्या पुस्तकात कधीच पडला नव्हता. तर पद्धत अशी, घरात लहान मूल असेल तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि त्याचे प्रश्न त्याच वहीत लिहा. उत्तर देऊ नका. चेहरा सांभाळा.

जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचं (ज्यावरून गेम ऑफ थ्रोन्स आलं ती पुस्तकं) पारायण पूर्ण करायला जाल तर आयुष्य जाईल, आणि पाचवं पुस्तक २०११ ला आलं तेव्हापासून पुढच्याची वाट बघणाऱ्यांचं तसंही चाललंच आहे. पण तिची रचना आपल्या सोयीची आहे, बहुतेक अध्यायांना ज्याच्या डोळ्यांतून दिसतंय त्याचं नाव दिलंय. मग एकच माणूस धरा आणि फक्त त्याचेच अध्याय वाचत चला, बाकी सगळं सोडून. मी आर्याचे, एका सरदाराच्या धाकट्या मुलीचे वाचले. पहिल्या पुस्तकात ती मांजराच्या मागं पळत तळघरात जाते आणि अंधारात दोन माणसांचं कारस्थान ऐकते, बापाला सांगते, तो फारसं मनावर घेत नाही. पहिल्यांदा वाचताना आपणही घेत नाही कारण आपल्या डोक्यात दहा माणसं असतात. त्यातला एक जाडा, दुभंगलेल्या पिवळ्या दाढीचा. अशा दाढीचा माणूस समुद्रापलीकडं डेनेरिसच्या, हद्दपार राजकन्येच्या पहिल्याच अध्यायात भेटलेला असतो! चौथं आणि पाचवं पुस्तक मात्र बरंचसं एकाच काळात घडतं, माणसं वाटून घेतलीयत फक्त, त्यामुळं काही हौशी लोक दोन्हीचे अध्याय पत्त्यांसारखे पिसून एकत्र वाचतात. मी केलंय, दोन बुकमार्क आणि एक कागद लागतो, आणि वाचनापेक्षा पानं उलटण्यातच संध्याकाळ जाते. ईबुकवर तर विचारच करू नका.

उर्सुला ले ग्विनचं अर्थसी हे बरोबर उलटं, बारीकसं पुस्तक, दोन बैठकांत होतं. पहिलं १९६८ चं. दुसऱ्या वाचनात मी एकच गोष्ट केली, माणसं कशी दिसतात ते लिहिलेलं शोधलं. नायकाचा, गेडचा रंग तांबूस सावळा आहे, त्याचा मित्र काळा आहे, स्वच्छ लिहिलंय, आणि मी पहिल्या वेळी सगळ्यांना गोरं करून टाकलं होतं! बऱ्याच कव्हरांवर गोरा गेड यायचा, लेखिका त्यावर चिडायची, पण मी कुठल्या तोंडानं त्या कव्हरवाल्यांना नावं ठेवू. यात आणखी एक, तिसरं पुस्तक १९७२ चं आणि चौथं, तेहानू, १९९० चं, मध्ये अठरा वर्षं. दुसऱ्या पुस्तकातली देवळात कोंडलेली पोरगी चौथ्यात मध्यमवयीन विधवा आहे, भांडी, शेळ्या, शेत. विशीत वाचलं तेव्हा मला ते भयंकर रटाळ वाटलं, जादू कुठाय म्हटलं. तर पहिली तीन सलग वाचा आणि चौथं बाजूला ठेवा, चाळिशी उलटली की काढा. यावर वाद घालायला तयार आहे.

टेरी प्रॅचेटला पद्धत नाही. डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं, कुठलंही घ्या, जेवताना वाचा, फक्त पहिल्यापासून क्रमानं जायच्या भानगडीत पडू नका, १९८९ चं गार्ड्स! गार्ड्स! घ्या. त्यातलं मृत्यू नावाचं पात्र सगळं कॅपिटल अक्षरांत बोलतं, देवनागरीत याचं भाषांतर करणाऱ्यानं काय करावं हा विचार मी कित्येकदा पंगतीत बसून केलाय.

आणि आपलं घरचं राहिलंच की. वेताळपंचविशी, म्हणजे चांदोबात वाचलेला तो विक्रम आणि वेताळ, ही मूळ पंचवीस गोष्टींची माळ, काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागरात घेतलेली. हिचं पारायण चौघांत करायचं. एकानं वाचायचं, वेताळाचा प्रश्न आला की पुस्तक पालथं घालायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं आणि मगच राजाचं उत्तर वाचायचं. आमच्याकडं सासूबाई आणि राजाचं पटत नाही, आणि खरं सांगतो पुष्कळदा सासूबाईंचं उत्तर जास्त बरोबर असतं, राजा उगाच क्षत्रियधर्म वगैरे काढतो. शेवटच्या गोष्टीला मात्र राजाही गप्प बसतो. बाप लग्न करतो मुलीशी आणि त्याचा मुलगा लग्न करतो त्या मुलीच्या आईशी, तर दोघींना होणारी पोरं एकमेकांची कोण? आपल्याकडं मावसा, आत्या, चुलता, साडू, व्याही इतकं सगळं असूनसुद्धा आम्ही पाऊण तास कागदावर रेघा मारत बसलो आणि चहा गार झाला.

अरेबियन नाइट्स गौरी देशपांडे यांनी मराठीत सोळा खंडांत आणलंय, ते सलग वाचायला जाऊ नका, दमाल. एकच गोष्ट घ्या, कुबड्याची, आणि पेन्सिलीनं समासात लिहीत जा की आत्ता कोण बोलतंय. शहराजाद सांगतेय, तिच्या गोष्टीत शिंपी सांगतोय, त्याच्या गोष्टीत एक लंगडा तरुण, मग न्हावी तोंड उघडतो आणि त्याला सहा भाऊ निघतात. समासात रेघांचा जिना तयार होतो. परत वर येताना एकही पायरी चुकत नाही ती बाई, हे त्या जिन्यामुळंच कळलं.

किरकोळ राहिलेलं. पेन्सिलच वापरा, तीही बोथट, पेन नाही, कारण पाच वर्षांनी स्वतःची शेरेबाजी वाचून लाज वाटते तेव्हा खोडता आली पाहिजे. पहिल्या कोऱ्या पानावर प्रत्येक वाचनाची सुरू आणि संपल्याची तारीख टाका, बाकी काही लिहू नका. सिनेमा किंवा मालिका पारायणाच्या आधी बघू नका, महिनाभर तरी, नाहीतर तीच तोंडं डोळ्यांसमोर नाचतात. जाड एकखंडी पुस्तक घेऊ नका, तिसऱ्या वाचनाला पाठ फाटते. माझी फाटलीच, मग बाइंडरकडं दिलं, त्यानं शाळेच्या हजेरीपटासारखं निळं कापड लावून दिलं, आता ते कुणालाच फँटसीचं पुस्तक वाटत नाही आणि ऑफिसात टेबलावर ठेवता येतं.

पारायणाची प्रत उसनी द्यायची नाही. द्यायचीच असेल तर रद्दीवाल्याकडून, फुटपाथवरून दुसरी घेऊन ठेवा, ती द्या. माझं हॅरी पॉटरचं तिसरं पुस्तक असंच एका मित्राकडं गेलं, आता त्याला दोन मुलं आहेत आणि ती दोघंही ते वाचतात म्हणे. तेव्हापासून कोणी मागितलं की मी सांगतो, बाइंडरकडं टाकलंय.